दादांना बरं वाटतं, ते खोटं नाही

पत्र:

नमस्कार डॉक्टर. मी देवगड तालुक्यातली. माझा मोठा भाऊ ४६ वर्षांचा आहे. आमची हापूसची कलमं आहेत, पण गेली तीन वर्षं अवकाळी पाऊस आणि थ्रिप्सची कीड यांमुळे हाती काही लागलेलं नाही. दीड वर्षापूर्वी आंबे काढताना दादा झाडावरून पडला. मणक्याला मार बसला. ऑपरेशन लागलं नाही, पण कंबर अजून धरते. तेव्हापासून तो गप्प झाला. बागेत जात नाही, भजनाला जात नाही, जेवणावर वासना नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी डिप्रेशन आहे असं सांगून एस्सिटॅलोप्रॅम सुरू केलं. पाच महिने झाले, फारसा फरक नाही. पण कंबरेसाठी दिलेली ट्रामाडॉलची गोळी घेतली की तासाभरात दादा बोलायला लागतो, चहा मागतो. म्हणतो, "ही गोळी घेतलंय काय जीव हलको होता." आधी दिवसाला दोन घ्यायचा, आता सहा लागतात. चिठ्ठी जुनीच आहे, ओळखीच्या मेडिकलमधून आणतो. आमच्या मुंबईच्या मामेभावाने वाचलं की ओपिऑइड रिसेप्टरवर चालणारी औषधं डिप्रेशनवर निघत आहेत. ते ऐकल्यापासून दादा म्हणतो, हीच माझी खरी गोळी, दुसरी फेकून द्या. ती दुसरी तो कधी घेतो, कधी नाही. कधी संध्याकाळी थोडी दारूही घेतो. वहिनी ट्रामाडॉलला नशेची गोळी म्हणते आणि ती लपवून ठेवते. मग भांडणं होतात. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं आहे. परवा पडवीत बसून तो म्हणाला, "मी नसलंय तर तुमचा काय अडतला?" मामेभाऊ सांगतो ते खरं आहे का? ही गोळी चालू ठेवावी की बंद करावी?

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात गोळीबद्दल बरंच आहे आणि पडवीतल्या त्या वाक्याबद्दल एकच ओळ आहे. मी त्या ओळीपासून सुरुवात करते.

असं वाक्य माणूस कधी कधी एकदाच बोलतो. घरातले "असा काय बोलतंस" म्हणून विषय बदलतात आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही. आज दिवेलागणीला त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: दादा, मरणाचे विचार येतात का? विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. इतकी वर्षं या जिल्ह्यांत रुग्ण पाहताना मी हा प्रश्न रोज विचारते, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर मला सुटल्याची भावना दिसते. उत्तर हो आलं, किंवा कसं करायचं हेही त्यांनी मनात ठरवलेलं असलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसला तर १०८.

आणखी एक काम आजच करा. तुमची बाग आहे म्हणजे मांगरात किंवा पडवीच्या कोपऱ्यात फवारणीची औषधं असणार. ती सगळी एका पेटीत घालून कुलूप लावा आणि किल्ली शेजारच्या घरी द्या. नैराश्यातला सगळ्यात वाईट क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर माणूस राहतो की जातो हे ठरतं. गोळ्यांचा साठाही वहिनींकडे राहू दे. हे चोरून करू नका. दादांना सांगूनच करा: "तू आमका होयो आहेस, म्हणून करतंय." लपवाछपवीने तुमच्या घरात आधीच पुरेसं नुकसान झालं आहे.

आता गोळीबद्दल. वहिनी म्हणतात की ही नुसती नशेची गोळी आहे. मामेभाऊ म्हणतात की हेच खरं औषध आहे. मला दोघांचंही पटत नाही. तुमच्या दादांना बरं वाटतं, ते खोटं नाही. त्यांच्या मेंदूत त्या तासाभरात खरोखर काहीतरी बदलतं, आणि काय बदलतं हे समजून घेतलं तर पुढे काय करायचं तेही कळेल.

अफूसारख्या पदार्थांना धरून ठेवणाऱ्या जागा, म्हणजेच ओपिऑइड रिसेप्टर, आपल्याच मेंदूत आहेत, हे १९७३ साली प्रयोगशाळेत सिद्ध झालं. मग प्रश्न आला की निसर्गाने या जागा माणसात कशासाठी ठेवल्या? खसखशीच्या बोंडासाठी तर नक्कीच नव्हेत. उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतूनच एन्केफॅलिन नावाचे पदार्थ वेगळे काढले. म्हणजे शरीर स्वतःच अफूसारखं काही बनवतं. दुखणं सोसायला, ताण उतरायला, मायेचं माणूस जवळ बसलं की बरं वाटायला ते उपयोगी पडतं. मागाहून एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन ही अशीच आणखी द्रव्यं सापडली.

या रिसेप्टरांना तुम्ही बंदरातल्या धक्क्यावरच्या जागा समजा. होडी येते, खुंट्याला दोर बांधते, माल उतरवते. आपल्या प्रश्नात दोन प्रकारच्या जागा महत्त्वाच्या आहेत. एकीचं नाव म्यू. तिथे माल उतरला की वेदना थांबते आणि जीव हलका होतो. दुसरीचं नाव कप्पा. ताण फार झाला की डायनॉर्फिन येऊन कप्पावर माल उतरवतं, आणि तो माल कडू असतो. मेंदूत गोडी, ओढ, उत्साह वाहून नेणारं डोपामिन तिथे कमी सुटतं. मग माणसाला कशातच गोडी लागत नाही. तीन वर्षं मोहोर गळताना बघितलेल्या माणसाच्या बाबतीत हे वाचताना मला फार वाईट वाटतं, कारण हे त्याच्या आळसाचं किंवा मनाच्या दुबळेपणाचं लक्षण नव्हे.

म्यूचाही नैराश्याशी संबंध आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, की ज्या व्यक्ती तुम्हाला आवडल्या त्यांना तुम्ही आवडला नाहीत. त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. निरोगी माणसांच्या मेंदूत त्या नकाराबरोबर स्वतःचीच ही वेदनाशामक द्रव्यं सुटली, जणू घाव बसला तेव्हाच त्यावर मलम लागलं. नैराश्य असलेल्यांच्या मेंदूत ती कमी सुटली. नकार त्यांनाही आला, पण मलम लागलं नाही. मामेभावाने जे वाचलं त्याचं मूळ अशा कामात आहे, आणि ते मूळ खरं आहे.

कल्पनाही नवी नाही. विसावं शतक उजाडलं तेव्हा जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांच्यासारखे मोठे मनोविकारतज्ज्ञ बेचैनीच्या नैराश्यात अफूचा अर्क मोजूनमापून देत असत, हळूहळू वाढवून मग हळूहळू उतरवत. तेव्हा दुसरं औषधच नव्हतं. आपल्याकडचं उदाहरण अधिक जवळचं आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणी आपल्या कोकणातल्या. पाळीला जाताना त्या तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी द्यायच्या. बाळ रडायचं नाही, पाळीभर झोपायचं. पण त्याची भूक तशीच राहायची, आणि रडत नाही म्हणून दूधही मिळायचं नाही. त्या आयांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. पण तुमच्या दादांचा विचार करताना मला ते झोपलेलं बाळ आठवतं. सहा गोळ्यांनी त्यांचं रडणं थांबतं. पोटातली भूक बाकीच राहते.

म्हणून गेली काही दशकं शास्त्रज्ञ एकाच गाठीशी झगडत आहेत: हलकेपणा द्यायचा, पण सवय लागू द्यायची नाही. त्यात सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ही होडी म्यूच्या खुंट्याला घट्ट बांधते, पण माल अर्धाच उतरवते. कप्पाच्या जागेवर ती नुसती बांधून राहते, स्वतः काही उतरवत नाही आणि डायनॉर्फिनला जागाही देत नाही. म्हणजे थोडा गोडवा येतो आणि कडूपणा अडतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. १९९५ साली बोस्टनमध्ये कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या १० रुग्णांना ते दिलं गेलं. तिघांना मळमळ आणि अस्वस्थतेमुळे लगेच सोडावं लागलं. टिकलेल्या सातांपैकी चौघं पूर्ण बरे झाले, दोघांना मध्यम फरक पडला आणि एकाची तब्येत बिघडली. दहाच माणसं, आणि तुलनेला खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी नाही, त्यामुळे यावरून निकाल लावता येत नाही. पण पुढे शोधायची हिंमत यातून मिळाली. २०१६ साली इस्रायलमधल्या चाचणीत आत्महत्येचे तीव्र विचार असलेल्या ८८ जणांना अगदी अल्प मात्रेत ब्युप्रेनॉर्फिन किंवा खोटी गोळी दिली. औषधाच्या गटात ते विचार जास्त कमी झाले. त्यात व्यसनाचा इतिहास असलेल्यांना घेतलंच नव्हतं, आणि औषध चारच आठवडे दिलं होतं. मामेभावाच्या वाचनात या अटी आल्या होत्या की नाही, त्यांना विचारा.

पुढे अल्कर्मिस या कंपनीने ब्युप्रेनॉर्फिनला सॅमिडॉर्फनची जोड दिली. हेतू असा की सॅमिडॉर्फनने म्यूच्या जागा अडवाव्यात, म्हणजे नशा होणार नाही आणि कप्पावरचा फायदा तेवढा उरेल. तीन मोठ्या चाचण्यांपैकी एकच ठरवलेल्या कसोटीला सरळ उतरली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या सल्लागार समितीने फायदा आणि धोका तोलून २१ विरुद्ध २ मतांनी प्रतिकूल कौल दिला, आणि २०१९ च्या सुरुवातीला एफडीएने परवानगी नाकारली. त्यानंतर अनेकांनी म्यू सोडून फक्त कप्पा अडवणाऱ्या औषधांकडे मोर्चा वळवला. त्यांत सवय लागण्याची भीती नाही. ॲटिकाप्रँट या अशाच एका औषधाकडून खूप आशा होती, कारण २०२० साली एका अभ्यासात त्याने मेंदूतलं आनंदाचं केंद्र जास्त जागं होताना दिसलं होतं. पण मार्च २०२५ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने त्याची अखेरच्या टप्प्यातली चाचणी पुरेसा फायदा दिसत नाही म्हणून थांबवली. त्याच वर्षी जानेवारीत नवाकाप्रँट नावाचं दुसरं औषध पहिल्या मोठ्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं.

मला ही वाट बंद झाल्यासारखी वाटत नाही. कप्पाचं शास्त्र पक्कं आहे, आणि नैराश्याच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांनाही बराच आराम पडतो, त्यामुळे चांगलं औषधही उठून दिसणं अवघड जातं. ज्यांना आजच्या औषधांनी गुण येत नाही अशा रुग्णांसाठी मी या संशोधनाची मनापासून वाट पाहते. पण वाट पाहणं वेगळं आणि मेडिकलमधून स्ट्रिप आणणं वेगळं. वर सांगितलेल्यांपैकी एकही औषध आज नैराश्यावरचं मान्यताप्राप्त औषध नाही. आणि दादांची गोळी तर त्यांच्यापैकी नाहीच.

ट्रामाडॉल कप्पा अडवत नाही. ते दोन वेगळी कामं करतं. यकृतात त्याचं रूपांतर होऊन जे तयार होतं ते म्यूवर जाऊन बसतं. हे झालं अफूच्या जातीचं काम. पण मूळ ट्रामाडॉल मेंदूत सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्यं जास्त वेळ टिकवून ठेवतं, आणि हे काम नैराश्यावरच्या औषधांच्या एका गटासारखंच आहे. म्हणजे दादांच्या हलकेपणात थोडा वाटा अफूचा असेल आणि थोडा वाटा या दुसऱ्या कामाचा. शिवाय कंबर थांबली की त्यानेही माणूस बोलतो. सतत दुखणारी कंबर आणि नैराश्य ही एकमेकांना पोसतात.

ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट इथे आहे. दादांच्या शरीराने एक खूण दिली आहे. एस्सिटॅलोप्रॅम फक्त सिरोटोनिनवर चालतं. ड्युलॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दोन्हींवर चालतात, आणि म्यूला हात लावत नाहीत. ड्युलॉक्सेटिन तर नैराश्याबरोबर जुन्या कंबरदुखीतही वापरतात. दादांसाठी योग्य काय, हे त्यांना तपासणारे डॉक्टर ठरवतील, मी पत्रावरून ठरवू शकत नाही. पण हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे रुग्ण साधारण तीनांत एक असतात. दादा उरलेल्या दोघांत असले तर ते हाताबाहेर गेले असा अर्थ होत नाही. औषध बदलता येतं, लिथियमसारख्या दुसऱ्या औषधाची जोड देता येते, समुपदेशन आहे, आणि फार खोल नैराश्यात शॉक ट्रीटमेंट आजही सगळ्यात खात्रीच्या उपचारांत मोडते. लोक तिला उगाच घाबरतात. ती भूल देऊन करतात.

पण आधी हेही बघा की एस्सिटॅलोप्रॅम खरोखर पाच महिने झालं का. कधी घेतो, कधी नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. या औषधांना रोज, पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. दोन दिवस घेऊन तीन दिवस चुकवली तर त्याची परीक्षाच झाली नाही.

दोन्ही गोळ्या एकत्र जाणं हा मात्र मला झोप लागू न देणारा भाग आहे. दोन्ही सिरोटोनिन वाढवतात. ते मर्यादेबाहेर गेलं तर घाम, थरथर, कमालीची बेचैनी, जुलाब, ताप, हातापायांना झटके अशी लक्षणं येतात. असं काही दिसलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना. ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, मात्रा वाढली की जास्त, आणि एस्सिटॅलोप्रॅमसारख्या औषधाबरोबर आणखी जास्त. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा. दारूची संध्याकाळ तर या गोळीबरोबर अजिबात नको. अफूच्या जातीचं औषध आणि दारू मिळून श्वास मंदावतात. माणूस घोरतोय म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि आत श्वास बुडत असतो. उठवूनही जाग येत नसेल, श्वास फार सावकाश असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचा उशीर करू नका. ट्रामाडॉलच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं. स्ट्रिपवर वाचा. असेल तर ताप-सर्दीसाठी वेगळी गोळी देऊ नका, लिव्हरवर दुहेरी भार पडतो.

मग आजच बंद करायची का? नाही. वहिनींना हे नीट समजावून सांगा, कारण त्या भीतीने लपवतात आणि त्यातून उलटंच होतं. कित्येक महिने रोज सहा गोळ्या घेतलेल्या माणसाची गोळी एकदम तोडली तर नाक वाहतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, झोप उडते, हातपाय स्वस्थ राहत नाहीत. आणि मन असं खाली बसतं की मूळ आजारापेक्षा ते भयंकर वाटावं. दादांना वाटेल, बघा, गोळी नाही तर मी असा होतो. खरं तर ती उदासी बऱ्याच अंशी गोळीनेच तयार केलेली असते. दोनच्या सहा झाल्या त्याचं कारणही तेच आहे. धक्क्यावर रोज बाहेरचा माल येऊ लागला की घरच्या होड्या येणं कमी करतात. महिनोन् महिने अशी औषधं घेणाऱ्यांमध्ये नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे त्यांना वर उचलणारी गोळीच हळूहळू खाली ओढत असू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवायची असते, आणि त्याच वेळी नैराश्याचा नीट उपचार चालू हवा. दोन्ही एकत्र केलं तरच ते पार पडतं.

तुम्ही लिहिलं नाही, पण घरात एक भीती असेल असं मला वाटतं: डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलिसांची भानगड होईल. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, म्हणून मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर ते देत राहणं चूक आहे. पण उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे. डॉक्टरांपुढे सहाच्या सहा सांगा, दारूही सांगा. आकडा कमी सांगितला तर उतरवण्याचं गणित चुकेल.

कुठे जायचं? कणकवलीच्या त्याच डॉक्टरांकडे गेलात तर उत्तम, त्यांना दादा माहीत आहेत. नाही तर ओरोसला सिंधुदुर्गनगरीत जिल्हा रुग्णालय आहे, तिथे मानसिक आजारांचा विभाग आहे. गुंतागुंत जास्त असली तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आपल्याकडे "रत्नागिरीक पाठवूक होयो" हे वाक्य टोमण्यासारखं वापरतात, आणि त्या टोमण्यापायी किती माणसं वेळेवर गेली नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी परत येता येतं. दादांना दारातून आत नेताना तुमची मान खाली जायला नको.

डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. आणि एक गोष्ट आठवून सांगा: आयुष्यात पूर्वी कधी दादा आठवडाभर झोपेविना तरतरीत, अवाच्या सवा बोलणारे, पैसे उधळणारे असे झाले होते का? तसं असेल तर आजार वेगळा ठरतो आणि औषधंही वेगळी. कंबरेसाठी फिजिओथेरपी विचारा. गोळ्या कमी होतील तेव्हा व्यायामाचा आधार आधीपासून तयार हवा.

आईंच्या गाऱ्हाण्याला कुणी हसू नका. देवापुढे गाऱ्हाणं घालणारी आई आपल्या लेकाला सोडणारी नाही, हे दादांना कळतं. फक्त कौल काहीही मिळाला तरी डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही, एवढं आईंकडून कबूल करून घ्या.

घरात रोज एक छोटी गोष्ट करता येईल. 'बागेत जा' असं सांगू नका, ते आत्ता त्यांना डोंगराएवढं आहे. सकाळी चहा झाला की "दादा, माझ्याबरोबर विहिरीवरच्या कलमापर्यंत ये" म्हणा, आणि तिथूनच परत या. मन लागत नसतानाही पाय हलले की मन मागून येतं, हा नैराश्यावरच्या उपचाराचा एक मान्य भाग आहे. चार दिवसांनी आणखी एका कलमापर्यंत. भजनाच्या मंडळींपैकी दादांचा जो जिवाचा माणूस असेल त्याला घरी येऊन बसायला सांगा, तुम्ही मंडळाला बोलावणं पाठवलं असं दिसू न देता.

मामेभावाशीही गोड बोला. त्यांनी वाचलं ते काळजीपोटी. त्यांना सांगा की पुढच्या वेळी दादांना पाठवण्याऐवजी ते डॉक्टरांना दाखवायला तुमच्याकडे पाठवावं.

जाताना दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि सगळ्या चिठ्ठ्या बरोबर न्या. गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी कुठली गोळी किती वाजता घेतली आणि नंतर दादा कसे होते, हे एका कागदावर लिहून न्या. दादांना आत एकट्याने पाच मिनिटं बोलू द्या, मग तुम्ही जा. आणि "जीव हलको होता" हे त्यांचं वाक्य शुद्ध मराठीत करून सांगू नका. डॉक्टर ऐकत असतील तर ते त्यांना तसंच्या तसं, दादांच्या बोलीत सांगा.